घरपोच गाईची सोनोग्राफी: गाभण आहे का ते मशीन सांगतं, कधी वितेल ते शेपटीचं बूड सांगतं

आमच्या तालुक्यात एक प्रायव्हेट गुरांचे डॉक्टर बाइकला बॅग अडकवून गोठ्यावर येतात आणि छोट्या पोर्टेबल मशीनवर गाईची सोनोग्राफी करून देतात. नाव टाकत नाही कारण मी जाहिरात करायला बसलेलो नाही आणि खाली थोड्या कुरकुरी पण आहेत. लहान चणीच्या गाई असलेल्यांना असली सेवा घ्यावी का नाही हे कळावं म्हणून लिहितोय. रेटिंग आधीच देतो, पाचपैकी चार.

आमच्याकडे कोकण कपिला. म्हंजे ज्यांना इतकी वर्षं नुसतं गावठी म्हणायचे त्याच, आता नोंदणीकृत जात झाली म्हणून नावाने हाक मारायची. चण लहान, दूध दोन-तीन लिटर, खर्च जवळपास नाहीच आणि चढ-उतार बकरीच्या वरताण करतात. प्रॉब्लेम एकच, भातकापणी झाली की गुरं मोकळी सोडायची पद्धत, दिवसभर सड्यावर म्हंजे कातळाच्या माळावर, सोबत वाडीतला बैल, त्यामुळे कुठली गाय कधी फळली, म्हंजे गाभण राहिली, ते देवाला माहीत. कृत्रिम रेतन केलं असेल तर कानातल्या टॅगच्या बारा आकडी नंबरावर तारीख नोंदवलेली असते, आमच्यासारख्यांची वही कोरी. आणि तारीख नाय तर मग दूध काढणं थांबवून आटवायची कधी, खुराक कधी वाढवायचा, रात्रीचं उठून बघायचं कधीपासून, सगळाच अंदाजपंचे कारभार.

आता कोणी म्हणेल हाताने तपासणी असतेच की. असते, आणि आमचे सरकारी पशुधन पर्यवेक्षक ती चांगली करतात. पण त्याला दोन-अडीच महिने तरी व्हायला लागतात, आणि लहान गाईला मागून पूर्ण हात घालायचा म्हंजे जागाच कमी, त्यात डॉक्टर धिप्पाड असेल तर गाय पाठ वाकवून ओरडते, पहिलारू कालवड असेल तर बघवत नाही. सोनोग्राफीवाले 28-30 दिवसांवर सांगतात आणि ह्यांच्याकडे प्रोब, म्हंजे मशीनचा आत घालायचा भाग, लांब दांड्याला बसवलेला आहे, म्हणजे आधी बोटांनी शेण काढून जागा मोकळी करायची, भरपूर जेल लावायचं आणि फक्त दांडा हळू आत सरकवायचा. स्क्रीनवर काळं पाणी दिसतं, त्यात पांढरट गर्भ आणि नीट बघितलं तर टिकटिक करणारं काळीज. पाच मिनिटांत एक गाय. आमची कपिली जी कोणाला अंगाला हात लावू देत नाही ती पण चारा खात उभी होती, ह्यासाठी डॉक्टरांना फुल मार्क.

स्ट्रिपबद्दल विचारणारे पण खूप असतात म्हणून मध्येच सांगून टाकतो, मेडिकलमधली बायकांची प्रेग्नन्सी स्ट्रिप गाईच्या मुतात बुडवू नका. ती एचसीजी हार्मोन पकडते आणि गाईच्या अंगात ते बनतच नाही, त्यामुळे गाय आठ महिन्यांची असली तरी एकच रेघ येणार. रक्ताची टेस्ट असते ती खरी, महिनाभराची गाभण कळते, पण नुकत्याच व्यायलेल्या गाईत आधीच्या गाभणपणाचं प्रोटीन दोन महिने रक्तात राहतं त्यामुळे तेव्हा फसवी येऊ शकते. आमच्या भागात सॅम्पल पाठवायचीच बोंब, सोडून द्या.

आता कुरकूर. डॉक्टरांनी महिन्याच्या गाभण गाईला सांगितलं की दोन महिने झाल्यावर परत एकदा बघू. पहिल्यांदा वाटलं धंदा करतायत. पण मुद्दा बरोबर आहे, पहिल्या दीड महिन्यात गर्भ जिरून जायचं प्रमाण बऱ्यापैकी असतं, बाहेर काही दिसत नाही आणि मालक आपला गाभण समजून पुढचे सहा महिने पेंड घालत बसतो. फक्त हे फोनवर बुकिंग घेतानाच सांगायला पाहिजे, दुसऱ्या फेरीचे पैसे माणसाने धरलेले नसतात.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि कापलेला एक स्टार त्याचाच. पहिल्या तीन महिन्यांत बोलवलंत तर वय बऱ्यापैकी बरोबर सांगतात. त्यानंतर गर्भ जड होऊन पोटात खाली उतरतो, प्रोब पोचत नाही, जे काय दिसतं त्यावरून अंदाज. वर मशीनमधले मापाचे तक्ते मोठ्या विदेशी गाईंचे, आमच्या गाईचं वासरू मुळातच छोटं. आमच्या तांबूला सांगितलेल्या तारखेच्या बऱ्याच नंतर ती व्यायली, तोवर घरातले सगळे जागून जागून चिडचिडे झालेले. गाय साधारण 280 ते 290 दिवस घेते, जुनी माणसं नऊ महिने नऊ दिवस म्हणतात ते काय चुकीचं नाही, पण तो हिशोब फळल्याच्या तारखेवर चालतो, स्क्रीनवरच्या अंदाजावर नाही. मशीनला गाभण आहे का एवढंच विचारा, कधी हे विचारू नका.

कधी हे आमची मोठी काकी सांगते. मी एकदा गाईला मागून पुढून बघत उभा होतो तर म्हणाली, "पोट कित्याक बघतंस, शेपटेच्या बुडाक हात लाव." आणि खरंच लहान गाईत पोट लबाड असतं. पावसात हिरवा चारा खाऊन भाकड गाय पण गाभण दिसते. बघायचंच असेल तर उजव्या बाजूला बघा, डावीकडे चाऱ्याचं पोट असतं. सहा महिन्यांनंतर उजव्या कुशीच्या खाली मूठ हलकेच दाबून सोडली की आतून काहीतरी टणक येऊन हाताला लागतं, सकाळी गार पाणी पाजल्यावर कूस हललेली पण दिसते. त्याच्या आधीची खूण म्हणजे 21 दिवसांनी परत माजावर आली नाही, म्हंजे उलटली नाही. पण ती पण कच्चीच, मुका, म्हंजे बाहेर न दिसणारा, माज असलेल्या गाई असतात, आणि गाभण असून एखादीवेळी माज दाखवणाऱ्या पण असतात.

कासेचं तर विचारूच नका. मोठ्या जर्सीची कास महिनाभर आधीपासून लोंबायला लागते, आमच्या कपिलेची कास मुळात वाटीएवढी, काही गाई व्यायच्या फक्त दोन-तीन दिवस आधी कास सोडतात. पहिलारू कालवडीत उलट, तिला पाचव्या-सहाव्या महिन्यापासून कास धरायला लागते, सडातून मधासारखं चिकट येतं, पण म्हणून रोज पिळून बघू नका रे बाबांनो, सडाच्या टोकाचं बूच निघतं आणि मग काससुजी घरात. सड तुकतुकीत ताणलेले आणि टोकाला मेणासारखं काही दिसलं की जवळ आली.

शेपटीच्या बुडाला दोन्ही बाजूंना, ढुंगणाच्या हाडाकडे जाणारी एक जाड शीर लागते, एरवी ताणलेल्या दोरीसारखी ताठ. शेवटच्या आठवड्यात ती सैल व्हायला लागते, तिथे खड्डे पडतात, शेपटीचं बूड वर उचलल्यासारखं दिसतं, आणि ज्या दिवशी हाताला ती शीर सापडतच नाही त्या दिवसापासून चोवीस तास, फार तर दीड-दोन दिवस. मात्र हे एकदाच हात लावून कळत नाही, रोज एकाच टायमाला, संध्याकाळी बांधताना हात फिरवायचा, मग आजचा आणि कालचा फरक हाताला समजतो. जोडीला निरण म्हंजे योनीचं तोंड सुजून सैल पडते, घड्या जातात, काचेसारखा चिकट सोट लोंबतो. थर्मामीटर असेल तर तो पण रोज संध्याकाळी लावा, एरवी 101-102 फॅरनहाइटच्या आसपास असलेलं अंगाचं तापमान एकदम डिग्रीभर उतरलं की पुढच्या दिवसभरात व्यायची शक्यता जास्त. हे डॉक्टरांनीच सांगितलं, फुकट, तेवढा त्यांचा मोठेपणा.

मग गाय कळपातून बाजूला जाते, उठते बसते, शेपटी वर धरून राहते, थोडं थोडं शेण मूत करत राहते, स्वतःच्या कुशीकडे वळून बघते. आमच्या गाई तर सरळ करवंदीच्या जाळीत जाऊन लपतात, म्हणून शीर सैल झाली की सड्यावर सोडायचं बंद. पाणमोट, म्हंजे वासराभोवतीची पाण्याची पिशवी, दिसल्यावर शांत बसायचं, पुढचे दोन पाय तळवे खाली आणि त्यावर नाक असं आलं तर गाय आपली आपण मोकळी होते, लहान गाईंचा हा मोठा गुण. तळवे वर दिसले तर बहुतेक मागचे पाय आहेत, तेव्हा आणि पाणमोट फुटून तास झाला, गाय कळा देतेय तरी पुढे काही सरकत नाही तेव्हा, ओढाओढी न करता फोन करायचा. कुणाला? इथे ह्या सेवेचा आणखी एक दोष, हे डॉक्टर रात्री येत नाहीत, तसं स्पष्ट सांगतात. सरकारी फिरत्या पथकासाठी 1962 नंबर आहे, तो गोठ्याच्या खांबावर खडूने लिहून ठेवा. वार, म्हंजे वासरामागून पडणारी जार, आठ-बारा तासांत पडायला पाहिजे, नाही पडली तर डॉक्टर, तिला दगड किंवा चप्पल बांधून ओढायचे प्रकार अजून चालतात ते बंद करा. वासराला चीक पहिल्या तास-दोन तासांत, वार पडायची वाट बघत बसू नका, खरवस नंतर.

आणखी एक, जे डॉक्टरांनी न विचारता सांगितलं आणि मला पटलं. कपिलेला जर्सीची किंवा होल्स्टिनची वीर्याची कांडी भरून दूध वाढवायची हौस असेल तर विचार करा, वासरू मोठं आणि वाट लहान, त्यात पहिलारू असेल तर अडलीच समजा.

ह्या सेवेचा खरा उपयोग मला दिसला तो गाय विकत घेताना. 2024 च्या संक्रांतीला पंतप्रधानांच्या घरातले पुंगनूर गाईंचे फोटो आल्यापासून फार्महाऊसवाल्यांना ह्या आंध्रातल्या बुटक्या गाईंचं वेड लागलंय, उंची 70 ते 90 सेंटीमीटर आणि किंमत मात्र आपल्या कपिलेच्या कितीतरी पट. आमच्या शेजारच्या मुंबईकरांनी अशीच एक आणली, व्यापाऱ्याने पाच महिन्यांची गाभण म्हणून दिली, पोट टम्म. डॉक्टर आमच्याकडे आलेच होते म्हणून तिची पण केली, पातळ दांडा, फार सावकाश, एवढ्या लहान गाईत हात घालायचा प्रश्नच नव्हता. गर्भाशय रिकामं. नुसती चरबी आणि वारा. व्यापारी आता फोन उचलत नाही. गाभण म्हणून जास्त पैसे मोजणार असाल तर सौद्याच्या आधी सोनोग्राफीचे पाच-सहाशे घाला, व्यापारी नको म्हणाला तर उत्तर तिथेच मिळालं.

बोलवणार असाल तर वाडीतल्या चार-पाच जणांनी मिळून बोलवा, येण्याजाण्याचा खर्च वाटला जातो. सकाळी गुरं सोडायच्या आधीची वेळ घ्या, गोठ्यात थोडा अंधार असला तर बरं, उन्हात स्क्रीन दिसत नाही. बादलीभर कोमट पाणी आणि गाय धरायला ओळखीचा माणूस ठेवा. गूगल पे चालतं, पावती मागितली तर देतात. गणपतीच्या आठवड्यात फोन करू नका, ते पण गावी असतात.