सव्वाशे की साडेतीनशे? घ्यायच्या आधी गाडी मागे ढकलून बघा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, आणि तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना आपली गाडी अचानक लहान वाटायला लागली आहे. ३५० च्या वरच्या गाड्यांचं उलटं झालं. त्यांच्यावर सेस धरून ३१ टक्के होते, ते ४० झाले. त्यामुळे ३४९ सीसीच्या गाड्या रेषेच्या बरोबर अलीकडे राहिल्या आणि इंदूरच्या शोरूममध्ये गर्दी कुठे आहे ते तुम्ही बघितलंच असेल. ज्यांच्या घरी शंभर-सव्वाशेची गाडी आहे आणि जे साडेतीनशेला दोनदा हात लावून परत आले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पॉवर किती, रंग कोणते, मीटर कसा, हे तुम्ही माझ्याहून जास्त पाठ केलेलं असणार. ते सोडून देतो.

माझं कसं आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं हे तुम्हाला ठरवता येईल. घर रामबागेत, जुनं. ऑफिस पलासियाला, मुलीची शिकवणी भंवरकुआंला, आणि अधूनमधून उज्जैन, महेश्वर किंवा मांडूची एखादी फेरी. गाडी सव्वाशेची, वयस्कर पण कुरकुर न करणारी. मेहुण्याची पुण्याला बदली झाली तेव्हा तो त्याची साडेतीनशे, रॉयल एनफिल्डची क्लासिक, माझ्याकडे सोडून गेला. म्हणाला, ‘भावोजी, उभी ठेवू नका, बॅटरी बसेल. चालवत राहा.’ पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत दोन्ही गाड्या एका घरात नांदल्या. मग त्याने ती मला घरच्या भावात देऊ केली. मला शोरूमची पायरीसुद्धा चढायची नव्हती, नुसतं हो म्हणायचं होतं.

आधी मोठीचं कौतुक करतो, कारण ते खरं आहे. खंडवा रोडच्या भेरूघाटात मागे बायको आणि मांडीवर पिशवी असली की सव्वाशे दुसऱ्या गिअरवर येते. पुढचा ट्रकही तेवढ्याच वेगाने चढत असतो. त्याचा धूर खात बसायचं की वळणावर जीव मुठीत धरून पुढे काढायची, एवढाच प्रश्न उरतो. साडेतीनशेला तिथे विचारच करावा लागत नाही. तिसऱ्यातच जरा पिळली की निघाली. रॉयल एनफिल्डच्या साडेतीनशे इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, २७ न्यूटन मीटर आहे आणि तो मिनिटाला ४००० फेऱ्यांनाच हजर असतो. सव्वाशेचा ११ च्या आसपास, तोही इंजिन चांगलं ओरडायला लागल्यावर. जनापावच्या टेकडीवरचा शेवटचा चढ दोन्ही गाड्यांनी चढून बघा, म्हणजे या आकड्यांची गरज पडणार नाही. ए.बी. रोडवर मोठा कंटेनर शेजारून गेला की सव्वाशे हातभर सरकते, साडेतीनशे ढिम्म. महेश्वरला पोचल्यावर चहाचा ग्लास धरताना बोटांना मुंग्या येत नाहीत, हेही मोठीचंच श्रेय. बायकोचा कौल पहिल्याच फेरीत मोठीला पडला आणि तिने तो पुन्हा बदलला नाही.

वेगाबद्दल मी काही बोलत नाही. पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक आहे. ज्यांना गाडी खरी किती पळते ते बघायचंय त्यांनी तिथे नोकरी धरावी. आमच्या जवाहर मार्गावर संध्याकाळी दोन्ही गाड्या सारख्याच पळतात, म्हणजे पळत नाहीत. अर्ध्या क्लचवर रांगताना मोठीचा क्लच मनगटाला जरा जास्त जाणवतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात सिग्नलला उजव्या पोटरीला ऊब लागते. पण यासाठी कोणी गाडी नाकारू नये. सवय होते.

ज्याची सवय झाली नाही ते वेगळंच निघालं. मोटरसायकलला रिव्हर्स गिअर नसतो.

हे वाचून हसू येईल. सव्वाशेवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे कधी लक्षातच आलेलं नसतं, कारण ती गाडी आपण मागे घेतो हेच आपल्याला जाणवत नाही. आमच्या घराला रस्त्यापासून दोन पायऱ्या उंच ओटला आहे आणि त्याला कडेने सिमेंटचा उतार काढलेला आहे. रात्री गाडी इंजिनवर चढवायची, सकाळी मागच्या पायांनी उतरवायची. जुन्या वस्तीत निम्म्या घरांची हीच तऱ्हा. सव्वाशेचं वजन ११५ किलोच्या आत-बाहेर. रॉयल एनफिल्डच्या साडेतीनशेत हंटर १८१, क्लासिक १९५. म्हणजे तुमचीच गाडी, पण तिच्यावर एक धडधाकट माणूस बसलेला आहे आणि तो काही केल्या खाली उतरत नाही.

बरं, नुसतं वजन असतं तर जोर लावला असता. खरी गोची ब्रेकची आहे. उतारावर मागे येताना दोन्ही पाय जमिनीवर लागतात, म्हणजे पायाचा मागचा ब्रेक गेला. हाताशी उरतो पुढचा. पण गाडी मागे उतरत असताना सगळा भार खालच्या, म्हणजे मागच्या चाकावर आलेला असतो. पुढचं चाक हलकं झालेलं. ओल्या सिमेंटवर पुढचा ब्रेक दाबला की चाक थांबतं आणि गाडी मात्र घसरत राहते. सव्वाशेला हे होत असेलही, पण ती आपण पायाने अडवतो. १९५ किलो पायाने अडत नाहीत. मेहुण्याने मग फोनवरून युक्ती सांगितली. इंजिन बंद ठेवायचं, पहिला गिअर टाकायचा आणि क्लच इंचाइंचाने सोडत उतरायचं, म्हणजे मागचं चाकच ब्रेकचं काम करतं. युक्ती नामी आहे, ज्यांच्याकडे मोठी गाडी आहे त्यांनी जरूर वापरावी. पण रोज सकाळी डबा पाठीला, पाऊस चालू आणि मी क्लच मोजत उलटा उतरतोय, असा देखावा गल्लीने बराच काळ बघितला.

घराबाहेरही तेच. आपल्याकडे रस्ता मधून उंच आणि कडेला नालीकडे उतरता असतो. गाडी नाक पुढे करून लावली की काढताना चढावर ओढावी लागते. सराफ्यात रात्री खायला गेलात तर पार्किंगवाला पोरगा सव्वाशेची गाडी मागच्या दांडीला धरून उचलतो, सरकवतो, दोन गाड्यांच्या फटीत तिसरी बसवतो. माझ्याकडे बघून म्हणायचा, ‘भिया, आपकी आप ही निकालो.’ मग आजूबाजूच्या चार गाड्या हलवून, कुणाच्या तरी आरशाला धक्का लावून, माफी मागून बाहेर. हळूहळू मी निघायच्या आधीच गाडी कुठे लावायची त्याचा विचार करायला लागलो. सपाट जागा, वळायला वाव, शेजारी भिंत नको. कृष्णपुऱ्याच्या बाजूला लांबवर लावून चालत यायचो. आता इतकं चालायचंच, तर गाडी कशाला, असंही मनात येऊन जायचं.

दारामागे खिळ्याला दोन किल्ल्या टांगलेल्या असत. कुठली किल्ली हाताला येते यावर मी लक्ष ठेवलं, आणि माझ्यापुरतं तेच मोजमाप. औषधं आणायची, सव्वाशे. शिकवणीहून मुलीला आणायचं, सव्वाशे. पाऊस आहे, अर्थातच सव्वाशे. मोठी निघायची ती रविवारी, बरेचदा बॅटरी बसू नये म्हणून. आणि बसली तर? नव्या साडेतीनशेंना किक नाही. धक्का मारून चालू करायची म्हणजे पुन्हा तेच ढकलणं आलं. बऱ्याच सव्वाशेंना किक अजून आहे, आणि ती थंडीत एखाद्या सकाळी देवासारखी उभी राहते.

इथे एक सांगायला हवं. माझी उंची साडेपाच फुटांच्या आत आहे आणि क्लासिकची सीट ८०५ मिलिमीटरवर, त्यामुळे माझे दोन्ही पाय पुरते टेकत नाहीत. शेजारचा सहा फुटी पोरगा तीच गाडी एका हाताने ओटल्यावरून उतरवतो आणि दुसऱ्या हाताने फोनवर बोलतो. त्याला माझं हे पुराण सांगून उपयोग नाही. ज्याच्या इमारतीत सपाट तळमजला पार्किंग आहे, त्यालाही नाही. विजयनगरच्या पुढे राहणाऱ्या माझ्या एका मित्राला तर मी काय म्हणतोय तेच कळलं नाही.

पैशाचं थोडक्यात. इंदूरला पेट्रोल शंभरीच्या वर आहे. सव्वाशे ५५ चा अॅव्हरेज देते असं धरा, साडेतीनशे ३३ चा. महिन्याला ९०० किलोमीटर चालवणाऱ्याला अकरा लिटर जास्त लागतात, म्हणजे हजार-बाराशे रुपये. थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक दर २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये होता आणि त्यापुढे ३५० पर्यंत १,३६६. टायर, चेन, सर्व्हिसिंग सगळं त्याच प्रमाणात वर जातं. हप्ता परवडणाऱ्याला हे परवडतं, त्यामुळे पैशावरून निर्णय होऊ नये असं मला वाटतं. फक्त तारांच्या चाकांच्या मोहात पडणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं, त्यात ट्यूब असते. पंक्चर झालं की ट्यूबलेससारखी हळूहळू घरापर्यंत येत नाही, तिथेच बसते. आणि ढकलण्याबद्दल मी वर लिहिलंच आहे.

एका मुद्द्यावर मात्र मोठीने मला जवळजवळ जिंकलं होतं, तो म्हणजे ब्रेक. एप्रिल २०१९ पासूनच्या नियमाने १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. १२५ पर्यंत कंपनीने सीबीएस दिलं तरी त्या नियमात चालत होतं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो, पण चाक जाम व्हायचं ते होतंच. पहिल्या पावसात रस्त्यावर ऑइल आणि चिखलाचा जो लेप बसतो, त्यावर समोर रिक्षा आडवी आली की दोन्ही गाड्यांतला फरक पोटात कळतो. साडेतीनशे सरळ रेषेत थांबते. पावसात रोज पीथमपूरला जाणाऱ्या माणसाने बाकी सगळं विसरून याच कारणासाठी मोठी घ्यावी, इतपत मी म्हणेन. आता काही सव्वाशेंनाही एबीएस मिळतं, हिरोच्या एक्स्ट्रीम १२५ आरला पुढच्या चाकाला आहे. जुनी बदलायचीच असेल तर तिथे एकदा बघून या.

आणि मधल्या १६० वाल्यांकडे कोणी का बघत नाही ते मला समजत नाही. युनिकॉर्न १४० किलोच्या आसपास आहे, एबीएस आहे, घाटात सव्वाशेइतकी दमत नाही. दिमाख नाही, हे खरं. राजेंद्रनगरच्या लग्नाला बुलेटवरून उतरणं आणि युनिकॉर्नवरून उतरणं यात फरक असतो, आणि तो फरक ज्याला हवा आहे त्याला मी नावं ठेवत नाही. माझी सव्वाशे उद्या खरोखर थकली, तर माझे पाय बहुतेक या मधल्या रांगेकडे वळतील.

मेहुण्याला मी नाही म्हटलं. तो दिवाळीला आला तेव्हा गाडी घेऊन गेला आणि बायको दोन दिवस माझ्याशी जेवणापुरतं बोलली. मांडूला जायचं ठरलं तर भाड्याने मोठी गाडी मिळते, हे मी तिला सांगितलंय. अजून तिला पटलेलं नाही.

तरी तुमचं मन साडेतीनशेकडेच ओढत असेल तर घ्या, ती वाईट गाडी मुळीच नाही. फक्त शोरूमवाला टेस्ट राइडला रिंग रोडकडे नेईल, तिथे कुठलीही गाडी छानच वाटते. त्याला म्हणा, आधी घरी नेऊन ओटल्यावर चढवतो, उतरवतो, गल्लीत वळवतो. त्यांच्या टेस्ट राइडच्या गाडीत पेट्रोल तळाला असतं, आणि भरलेली तेरा लिटरची टाकी नऊ-दहा किलो वाढवते, तेवढं मनात धरा. बूट घालू नका, रोजच्या चपला घाला. मदतीला कोणाला बोलावू नका. एवढं करून जमलं तर टोकन देऊन टाका, पण जुनी एक्स्चेंजला लावायची घाई करू नका. तिचे तसेही फार येत नाहीत. दोन-तीन महिने दोन्ही घरात ठेवा, कुठली विकायची ते तेवढ्यात कळेल.