घाटाचा गिअर आणि बिनगिअरची गाडी: सुबारू आउटबॅकसोबतचे सोळा महिने

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याची राजधानी डेन्व्हर 5,280 फुटांवर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर वसलेली आहे आणि खरे डोंगर तेथून पुढे सुरू होतात. तेथे राहणाऱ्या आमच्या चौघांच्या कुटुंबासाठी मी सोळा महिन्यांपूर्वी 2022 सालची, 2.5 लिटर इंजिनाची सुबारू आउटबॅक घेतली. घेतली तेव्हा ती 19,000 मैल चाललेली होती. त्यानंतर आम्ही तिच्यावर आणखी 17,400 मैल, म्हणजे सुमारे 28,000 किलोमीटर प्रवास केला. ही गाडी भारतात विकली जात नसल्यामुळे साताऱ्याच्या नातेवाईकांना तिचे वर्णन ‘इनोव्हापेक्षा बुटकी, सेडानपेक्षा उंच आणि मागे भली मोठी डिकी असलेली’ असे करून सांगावे लागते. ‘सुबारू’ हे कृत्तिका नक्षत्राचे जपानी नाव असून गाडीच्या नाकावरच्या चिन्हात सहा तारे आहेत, हे कळल्यावर मात्र आईला गाडी एकदम ओळखीची वाटू लागली. कार्तिकेयाच्या कृत्तिकाही सहाच.

मी गाडी चालवायला शिकलो तो वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात. ज्या गिअरमध्ये चढ चढला त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा आणि ब्रेकवर विसंबायचे नाही, हा बाबांचा पहिला धडा. या गाडीत गिअरच नाहीत, आणि म्हणूनच निर्णय घेण्यापूर्वी मी बरेच दिवस घुटमळलो. या अनुभवातील सर्वांत महत्त्वाचा भाग तोच असल्याने त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

या गाडीत गिअरबॉक्सच्या जागी सीव्हीटी आहे. सीव्हीटी म्हणजे समोरासमोर बसवलेल्या शंकूंच्या दोन जोड्या आणि त्यांच्यावरून फिरणारा पट्टा. सुबारूने पट्ट्याऐवजी पोलादी साखळी वापरली आहे. तेलाच्या दाबाने शंकू जवळ आले की साखळी बाहेरच्या, मोठ्या घेरावर चढते आणि शंकू दूर गेले की आत, लहान घेरावर उतरते. त्यामुळे ठरावीक पाच-सहा गिअरांऐवजी मधली प्रत्येक पायरी उपलब्ध होते. कागदावर हे उत्तम वाटते, पण कानाला सवय होण्यास मला दोन-तीन महिने लागले. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की विहिरीवरचा पंप जसा आधी घरघरतो आणि पाणी मागाहून येते, तसा इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग त्याच्यामागून येतो. कंपनीने जोरात पाय दिल्यावर खोटे गिअर बदलल्यासारख्या पायऱ्या घातल्या आहेत, पण त्या कानाच्या समाधानापुरत्या आहेत. पाय हलका ठेवला तर मात्र मिनिटाला 1,500 ते 2,000 फेऱ्यांच्या दरम्यान इंजिन शांतपणे काम करत राहते आणि गाडी कधी वेग घेते ते कळतही नाही. ज्यांना इंजिन पिळून ओव्हरटेक करण्यात आनंद वाटतो, त्यांनी ही गाडी घेऊ नये.

आता उताराविषयी. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आंतरराज्य महामार्ग 70 आयझेनहॉवर बोगद्यातून 11,158 फुटांपर्यंत चढतो आणि लगेच सिल्व्हरथॉर्न गावाकडे घसरतो. सात टक्क्यांचा उतार आहे आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांना अडवण्यासाठी बाजूला खडीचे चढ बांधून ठेवले आहेत, यावरून त्याच्या स्वभावाची कल्पना यावी. पहिल्या वेळी मी गाडी नुसती डी मध्ये ठेवून उतरलो आणि ब्रेकवर पाय ठेवून ठेवून खाली पोहोचेपर्यंत मन अस्वस्थ झाले. पुढच्या खेपेस गिअरचा दांडा एम मध्ये घेऊन स्टीअरिंगमागच्या डाव्या पात्याने पायऱ्या खाली आणल्या. या व्यवस्थेत सीव्हीटी आठ ठरावीक पायऱ्यांपैकी एकीवर थांबून राहते; चौथ्या पायरीवर इंजिन गुरगुरू लागले, गाडीचा वेग धरला गेला आणि ब्रेकला मधूनच स्पर्श करणे पुरेसे झाले. पसरणी घाटातील धडा येथेही लागू पडला. फक्त गिअर आपण हाताने मागून घ्यावा लागतो. ही सोय असूनही तिला कधी हात न लावणारे अनेक आउटबॅकवाले मला भेटले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

चढावरची कथा वेगळी आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी घटते, त्यामुळे समुद्रसपाटीला 182 अश्वशक्ती देणारे हे इंजिन बोगद्याच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत एक तृतीयांश ताकद गमावून बसलेले असते. चार माणसे, सामान आणि टपावर पेटी असताना इंजिन 4,500 फेऱ्यांवर कण्हत राहते आणि तरीही उजव्या, म्हणजे येथील हळू वाहनांच्या, लेनमध्ये राहणेच शहाणपणाचे ठरते. जे दर शनिवारी डोंगरात जातात, त्यांनी 2.4 लिटर टर्बो इंजिनाच्या आउटबॅकचा विचार करावा. आणखी एक स्थानिक बाब: कोलोरॅडोत साधे पेट्रोल म्हणून 85 ऑक्टेनचे (ऑक्टेन म्हणजे दाबाखाली पेट्रोल अवेळी न पेटण्याची क्षमता) मिळते, तर गाडीच्या पुस्तिकेत 87 मागितले आहे. या इंजिनाचे कॉम्प्रेशन 12 ला 1 इतके जास्त असल्याने मी काही सेंट वाचवण्याच्या भानगडीत पडत नाही.

चारही चाकांची ओढ ही आउटबॅकची मुख्य ख्याती आहे. ही व्यवस्था सदैव चालू असते. एरवी सुमारे 60 टक्के ताकद पुढे आणि 40 टक्के मागे जाते आणि परिस्थितीनुसार क्लचच्या चकत्या हे प्रमाण बदलत राहतात. जानेवारीत घरासमोरच्या चढावर रात्रभर पडलेले आठ इंच बर्फ आम्ही न साफ करताच पार केले, शेजारची पुढच्या चाकांवर चालणारी सेडान मात्र तेथेच फिरत राहिली. जमिनीपासूनची 8.7 इंच उंची अशा वेळी उपयोगी पडते. परंतु या ख्यातीने एक गैरसमज पसरतो. चार चाकांची ओढ गाडी निघण्यासाठी आणि चढण्यासाठी कामाची आहे. थांबायचे असते तेव्हा जे काही आहे ते टायरच. पहिल्या हिवाळ्यात मूळच्या बारमाही टायरांवर एका चौकात गाडी दिव्यापुढे पाच-सहा फूट सरकली, तेव्हा हे नीट समजले. सुदैवाने समोर कोणी नव्हते. त्यानंतर मी हिवाळी टायरांचा वेगळा संच घेतला आणि नोव्हेंबर ते एप्रिल तोच लावतो.

टायरांच्या बाबतीत या गाडीचे आणखी एक लाड आहेत. चारही टायरांची झीज जवळजवळ सारखी असावी लागते, नाहीतर क्लचच्या चकत्यांवर विनाकारण ताण येतो. एक टायर खिळ्याने कायमचा निकामी झाला तर उरलेले तीन किती झिजले आहेत हे पाहूनच एक घ्यायचा की चारही, हे ठरते. हा खर्च गाडी घेतानाच मनात धरावा.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा तीन महिने आले होते. बाबांचे गुडघे दुखतात. या गाडीच्या सीटवर खाली वाकून बसावे लागत नाही आणि वर चढावेही लागत नाही, सरळ बाजूला सरकले की झाले. आईला घाटात हमखास गाडी लागते. गिअर बदलताना बसणारे हिसके येथे नाहीत, त्यामुळे 12,183 फुटांपर्यंत जाणाऱ्या ट्रेल रिज रोडवर तिने आवळासुपारीची डबी उघडली नाही, हे आमच्या घरात आश्चर्य मानले गेले. तरी वळणांवर गाडी थोडी झुकते, म्हणून ती पुढच्याच सीटवर बसली होती.

डिकीबद्दल तक्रारीला जागाच नाही. मागची सीट आडवी करण्याच्या कळा डिकीतच आहेत, आणि ती पाडल्यावर मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचे तीन ढोल, दोन ताशे आणि घडी केलेले मखर एका फेरीत मावले.

मधोमध उभा असलेला 11.6 इंची पडदा मात्र मला आजही पटलेला नाही. तापमानासाठी बाजूला बटणे आहेत, पण पंख्याचा वेग, हवेची दिशा आणि सीट तापवण्याची सोय पडद्यात आहे. हातमोजे घालून, हलत्या गाडीत ती शोधणे हे रस्त्यावरून नजर काढणेच आहे. 2026 च्या नव्या आउटबॅकमध्ये हवेसाठी खरी बटणे परत आली आहेत.

समोरच्या काचेमागील दोन कॅमेऱ्यांवर चालणारी आयसाइट ही व्यवस्था लांबच्या सरळ रस्त्यांवर पुढच्या गाडीपासून अंतर राखण्याचे काम उत्तम करते. दाट बर्फात किंवा मावळता सूर्य थेट समोर असताना ती स्वतःहून बाजूला होते, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नये. येथे हिवाळ्यात रस्त्यांवर वाळू-खडी टाकतात. मार्च महिन्यात एका ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने माझ्या काचेला वीतभर तडा गेला. काच बदलली की कॅमेरे पुन्हा जुळवून घ्यावे लागतात, आणि त्या जुळवणीचे पैसे विम्यातून मिळवण्यासाठी मला तीन वेळा फोन करावे लागले. विम्यात काचेचा स्वतंत्र उल्लेख आहे का, हे आधीच वाचून ठेवावे.

ॲव्हरेजचा सरकारी आकडा शहरात 26 आणि महामार्गावर 33 मैल प्रति गॅलन असा आहे. मला उन्हाळ्यात महामार्गावर 30, शहरात 24 आणि कडाक्याच्या थंडीत 22 पर्यंत मिळाले. सोळा महिन्यांची सरासरी 26, म्हणजे लिटरमागे साधारण 11 किलोमीटर आहे. टपावरची पेटी काढून ठेवली की दोन मैलांचा फरक सरळ दिसतो.

सीव्हीटीच्या टिकाऊपणाची शंका सर्वांनाच असते, आणि ती अगदीच निराधार नाही: 2010 ते 2015 या वर्षांच्या गाड्यांसाठी कंपनीने अमेरिकेत या भागाची वॉरंटी 10 वर्षे किंवा 1,00,000 मैलांपर्यंत वाढवली होती. माझ्या गाडीत आजवर धक्का, घसरण किंवा वेगळा आवाज आलेला नाही. देखभालीच्या तक्त्यात सीव्हीटीचे तेल तपासायला सांगितले आहे, बदलण्याचा ठरावीक टप्पा दिलेला नाही. पण माझ्यासारखी गाडी वर्षभर घाट चढते-उतरते तेव्हा ते तेल तापतेच, म्हणून मी ते 60,000 मैलांना बदलून घेणार आहे आणि त्यासाठी वेगळे पैसे आतापासून बाजूला ठेवले आहेत.