बूमवरचा लोगो आणि माझे सव्वा लाख

व्हीआरएस घेतली तेव्हा माझ्याजवळ दोन गोष्टी होत्या. थोडे पैसे, आणि तीस वर्षं वर्तमानपत्रांना वाचकांची पत्रं लिहून अंगात आलेला आगाऊपणा. त्या लोकांना दोन्ही पहिल्याच भेटीत दिसल्या असणार.

कंपनीचं नाव लिहीत नाही, अर्ज पोलिसांत आहे. यूट्यूबवर मराठी बातम्यांचं चॅनेल, सहा लाखांवर सबस्क्रायबर, ऑफिस महापेला. मी गेलो तेव्हा दोन गाळे होते. चार महिन्यांत शेजारचे आणखी दोन घेतले, हिरवा पडदा लागला, दिवे आले. भरभराट डोळ्यांना दिसत होती. ती आमच्याच पैशांवर चाललीय हे मात्र उशिरा कळलं. दर तालुक्याला एक ‘प्रतिनिधी’, दर जिल्ह्याला एक ‘ब्युरो चीफ’, आणि प्रत्येकाकडून रक्कम. ठाणे जिल्ह्यासाठी मी सव्वा लाख मोजले. (पुढे कळलं की ठाण्याचे ब्युरो चीफ आम्ही तिघे होतो. एक डोंबिवलीचे, एक कळव्याचे.)

मिळालं काय, तर एक बूम, म्हणजे बातमीदाराच्या हातातला माइक. फोमचा ठोकळा आणि त्यावर चिकटवलेला लोगो. पहिल्याच पावसात त्याचा कोपरा सुटला. गाडीला लावायला ‘प्रेस’चा स्टिकर. आणि गळ्यातलं कार्ड, त्यावर ‘भारत सरकार नोंदणीकृत’ आणि खाली लांबलचक क्रमांक. कोर्टनाक्याला एका पत्रकार परिषदेत शेजारच्या वार्ताहरानं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि एवढंच विचारलं, “काका, किती घेतले?”

मग चहा पिताना त्यानं समजावलं. तो क्रमांक उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान धंद्यांच्या सरकारी नोंदणीचा. ती आधारवर, घरबसल्या, फुकट होते. पापड-लोणच्याच्या धंद्यालाही तीच. सरकारमान्य पत्रकार म्हणजे ज्याच्याकडे अधिस्वीकृती पत्रिका आहे तो, आणि ती आपल्याकडे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, चॅनेलवाले नाहीत. वर्तमानपत्रांच्या नोंदणीचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, पण यूट्यूब चॅनेलं त्यात येतच नाहीत. २०२१ च्या आयटी नियमांनुसार डिजिटल बातमीवाल्यांनी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला आपला तपशील कळवायचा असतो. कळवला म्हणून परवाना मिळाला असं होत नाही. हे सगळं मला सव्वा लाख देण्याआधी विचारता आलं असतं. पण ‘संपादकीय मंडळ’ या शब्दानं माझी अक्कल गहाण पडली होती.

खरं दुखणं पुढे आहे. जाहिरात आणली की चाळीस टक्के कमिशन. वर्तकनगरला आमच्या गल्लीत पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या वहिनींकडून मी पंधरा हजार घेतले, ‘उद्योजिका विशेष’ मुलाखतीसाठी. पाच दिवसांत एक लाख ऐंशी हजार व्ह्यूज! मी हौसेनं क्यूआर कोडसकट फ्लेक्स छापून त्यांच्या भिंतीवर लावला. महिन्यानं वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, एवढ्या लोकांनी बघितलं, मग पोळ्या नेतंय कोण?”

भाचीला मोबाइल दिला. पंधरा मिनिटांत तिनं पोस्टमॉर्टेम केलं. एवढ्या व्ह्यूजना लाइक तेवीस, कॉमेंट सतरा, त्यातल्या चार आमच्याच नात्यातल्या. कंपनी म्हणते आम्ही २०२२ ला सुरू झालो, चॅनेलच्या माहितीत तारीख २०१६ ची. ती तळापर्यंत सरकवत गेली, तर पुसायचे राहून गेलेले दोन व्हिडिओ सापडले: शेतात ट्रॅक्टर आणि मागे भोजपुरी गाणं. चॅनेल सबस्क्रायबरसकट विकत घेतलेलं होतं. सहा लाख लोक ट्रॅक्टर बघायला आले होते.

मालकाला म्हटलं, प्रेक्षक कुठले आहेत ते अ‍ॅनालिटिक्सचं पान उघडून दाखवा. तो हसला. “अहो, फेसबुकनंच २०१६ ला कबूल केलं की व्हिडिओ बघण्याच्या सरासरी वेळेचा आकडा फुगला होता. तीन सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना हिशेबातच धरलं नव्हतं. मग आम्ही कोण?” घरी येऊन तपासलं. माहिती बरोबर होती. माणूस अभ्यासू, हे मान्य केलं पाहिजे.

आमच्या प्रशिक्षणाच्या झूम मीटिंगला एक ‘यूट्यूबचे अधिकारी’ कॅमेरा बंद ठेवून बोलले होते. ते ऐकून भाचीनं ओझी मीडियाची गोष्ट सांगितली. अमेरिकेतली ऑनलाइन मीडिया कंपनी. २०२१ मध्ये तिचा सहसंस्थापकच फोनवर यूट्यूबचा अधिकारी बनून गोल्डमन सॅक्स या बँकेशी बोलला. तिथून चार कोटी डॉलर यायचे होते. त्या लोकांना आवाज खटकला, त्यांनी खऱ्या अधिकाऱ्याला गाठलं आणि बिंग फुटलं. आम्ही पस्तीस जण होतो. आम्ही टाळ्यांचे इमोजी टाकले.

घोडबंदर रोडच्या एका सोसायटीच्या टँकरच्या पाण्यावर मी केलेली बातमी दुसऱ्या दिवशी गायब झाली. का, ते बिल्डरच्या माणसानं मलाच फोन करून ऐकवलं: “चाळीस हजार पोचवलेत, आता परत येऊ नका.” बातमीवर नाव माझं होतं. त्या दिवशी बूम खाली ठेवला.

पैसे मागितले तर करार पुढे केला. तोंडी ‘अनामत’ म्हणत होते, पाचशेच्या स्टँपवर ‘प्रशिक्षण शुल्क, परत मिळणार नाही’ असं आहे. वर त्यातले पंचाहत्तर हजार कंपनीच्या नव्हे, कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात गेलेत. मी नोकरीभर अकाउंट्समध्ये दुसऱ्यांचे कागद तपासले, हे सांगायलाही लाज वाटते. अर्जात भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लिहिलंय. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी अर्ज वाचून शांतपणे विचारलं, “जाहिरातींचे पैसे गोळा करणारे तुम्हीच ना?”

वहिनींचे पंधरा हजार तीन हप्त्यांत देतोय, दोन झाले. मागच्या वेळी म्हटलं, तो फ्लेक्स तरी उतरवतो. त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, “राहू द्या भाऊजी, मागे ओल आलीय, ती झाकली जाते.”