अनाथ मुलांच्या जेवणाच्या नावाखाली माझे ६२,००० रुपये लुबाडले

अनाथ मुलांच्या संस्थेतून बोलतोय म्हणणाऱ्या त्या माणसाने आधी पैसे मागितलेच नाहीत. सुट्टीच्या दिवशी मुलांना वाढायला, अभ्यास घ्यायला स्वयंसेवक हवेत, एवढंच म्हणाला. मी लगेच तयार झाले. मग 'भेटीची परवानगी यायचीय, मुलांची ओळख गुप्त ठेवावी लागते, तोवर जेवणाला हातभार लावा' सुरू झालं. आधी २,५०० रुपये. मग किराण्याचे १८,०००. मग रात्री उशिरा फोन, एका मुलीचं ऑपरेशन, डिपॉझिट ४१,५००.

पैसे पोचले की फोटो यायचा. सात-आठ वर्षांची मुलगी, निळा फ्रॉक, हातात कागद, त्यावर माझं नाव आणि 'धन्यवाद'. तिथेच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता! भेटायचं म्हटलं तर ओळख गुप्त, आणि चेहरा मात्र व्हॉट्सॲपवर खुशाल फिरवायचा? क्यूआर स्कॅन केल्यावर नावही संस्थेचं नाही, कुठल्याशा माणसाचं आलं. 'ट्रस्टींचं खातं आहे' म्हणे. ट्रस्टचे पैसे खासगी खात्यात कधीच भरू नका. पुढे दुसऱ्या एका देणगीदार बाईंनी त्यांना आलेला फोटो दाखवला. तीच मुलगी, तोच फ्रॉक, कागदावर नाव त्यांचं.

मी भोळी नाही. ओटीपी मागणाऱ्यांना मी कधी दाद दिलेली नाही. पण पोरं उपाशी आहेत म्हटल्यावर कागदपत्रं मागायला जीभ रेटत नाही, आणि या हरामखोरांचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

पोलीस ठाण्यात ऐकायला मिळालं काय, तर 'तुम्ही स्वखुशीने दिलेत ना? मग फसवणूक कसली?' तिथून सायबरकडे धाडलं, सायबरने परत ठाण्यात. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. बालकांचं काम बघणाऱ्या कचेरीत तर कहर झाला: 'अशी संस्था आमच्या यादीत नाही, त्यामुळे आमचा विषय नाही.' अहो, यादीत नाही हीच तर तक्रार आहे! बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ४१ खाली बालगृहाला नोंदणी सक्तीची आहे, विनानोंदणी चालवलं तर कलम ४२ खाली शिक्षा आहे. आणि बालगृहच नसेल, तर ती मुलगी कोणाची, कोणाच्या ताब्यात आहे, हे कोण बघणार? हे विचारल्यावर साहेबांनी समोरची फाईल उघडली आणि माझ्याकडे बघणंच सोडलं.

नोंदणी प्रमाणपत्र मागा, आणि ते खरं आहे का हे जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात स्वतः विचारा. पैसे गेल्याचं कळताच आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, ठाण्याच्या बाकावर ताटकळत बसू नका, कारण तेवढ्यात रक्कम पुढच्या खात्यात जाते. मूल संकटात दिसलं तर मुलांसाठीची हेल्पलाइन, १०९८. चॅट डिलीट करू नका, मी रागाच्या भरात निम्मं केलं होतं आणि नेमकं तेच ठाण्यात मागितलं.

त्या मुलीच्या फोटोसकट मी बाल कल्याण समितीकडे लेखी अर्ज दिलाय. पोचपावती हातात आहे, उत्तर अजून नाही. त्या माणसाचा नंबर मात्र चालू आहे, आणि स्टेटसवर नवा क्यूआर लागलाय.