ई-वे बिलाचे ३,४२० रुपये

ऑनलाइन फसवणुकीत एकूण ४४,८३८ रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण भेटेल त्याला आधी तोच हवा असतो. बायकोला मी पहिल्यांदा १८,९९९ सांगितले होते, मेव्हण्याला बावीस हजार, आणि दुकानात शेठना काहीच नाही. खरा आकडा हा. आणि कशासाठी घालवले, तर मांड्या बळकट करायला.

हसायचं तर हसून घ्या, पण पुढे वाचा.

माझ्या उजव्या गुडघ्याची झीज सुरू झाली आहे. वय एकोणपन्नास. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचं नाव आत्ता काढू नका, मांडीचे पुढचे स्नायू मजबूत करा, गुडघ्यावरचा भार तेच हलका करतील. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी साधा व्यायाम दिला होता. खुर्चीवर बसायचं, घोट्याला एक किलोची वाळूची पिशवी बांधायची, पाय सरळ करून दहा मोजायचे, सावकाश खाली. महिनाभर केला. जिना उतरताना जो चमका यायचा तो कमी झाला. इथेच थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो. पण डोक्यात आलं की वाळूच्या पिशवीने एवढा फरक पडतो, तर मशिनने किती पडेल!

जिममध्ये का गेलो नाही, हे सगळेच विचारतात. जिम घरापासून नऊ किलोमीटरवर. मी सिमेंट-पत्र्याच्या दुकानात हिशेब बघतो, सकाळी दहा ते रात्री नऊ. तरीही पाच दिवस गेलो होतो. पायाचं मशीन एकच, त्यावर कॉलेजची पोरं मोबाइल बघत बसलेली, आणि मी बाजूला गुडघ्याला पट्टा बांधून उभा. महिन्याचे १,२०० रुपये. घरी मशीन आलं तर सोळा महिन्यांत पैसे वसूल, बायको आणि मुलगाही वापरणार म्हणजे त्याहून लवकर. हिशेब चुकला नव्हता, एवढं तरी मान्य करा.

जाहिरात मोबाइलवर आली. माझ्याच वयाचा, कानशिलं पिकलेला माणूस एकाच सांगाड्यावर सगळं करून दाखवत होता. बसून पाय पुढे उचलायचा लेग एक्स्टेन्शन, पालथं झोपून टाच मागे ओढायचा लेग कर्ल, बार खांद्यावर घेऊन स्क्वॅट, पोटऱ्यांसाठी काफ रेज, खालच्या पुलीला घोट्याचा पट्टा अडकवून पाय मागे-बाजूला ओढायचे प्रकार. चार बाय सहा फूट जागेत पाच मशिनं. किंमत १८,९९९. शहरातल्या दुकानात असल्या मल्टिजिमची किंमत मला पन्नास हजारांच्या आसपास सांगितली होती. इतकं स्वस्त कसं, हे मीही व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं. उत्तर आलं, "सर, फॅक्टरी टू होम. बीचमें कोई डीलर नहीं." पत्ता जालंधरचा. जालंधर आणि मेरठ ही खेळाच्या सामानाची गावं, एवढं मलाही ठाऊक. उलट तो पत्ता बघूनच विश्वास बसला.

गुरुवारी रात्री बुकिंगचे १,९९९ पाठवले, शुक्रवारी सकाळी उरलेले १७,०००. कॅश ऑन डिलिव्हरी का नाही विचारलं तर म्हणे जड मालाला मिळत नाही. हे पटलं, कारण आमच्या दुकानातही जड माल आम्ही पैसे आल्याशिवाय हलवत नाही. ठग तुमच्याच धंद्याचं शहाणपण तुमच्या गळ्यात बांधतो ते असं.

शनिवारी बिल आलं. आता लिहितो ते लिहायला सगळ्यात जड जातंय.

बिलावर पत्ता जालंधर, पंजाब. जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होणारा. पंजाब ०३, दिल्ली ०७, महाराष्ट्र २७, हे कोड मला पाढ्यांसारखे पाठ आहेत. बरं, पंजाबातून महाराष्ट्रात माल येणार म्हणजे बिलावर आयजीएसटीची, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरच्या कराची, एकच ओळ हवी. या बिलावर सीजीएसटी ९ टक्के १,४४९.०८ आणि एसजीएसटी ९ टक्के १,४४९.०८. म्हणजे पंजाबचा व्यापारी, दिल्लीचा नंबर, आणि कर असा लावलेला की जणू माल राज्याबाहेर जाणारच नाही. दुकानात नवा पोरगा असलं बिल घेऊन आला असता तर मी त्याच्या अंगावर फेकलं असतं. आणि मी काय केलं? बेरीज तपासली. १६,१००.८५ अधिक दोनदा १,४४९.०८. एक पैसा जास्त येत होता, तो राउंड ऑफमध्ये गेला. हिशेब जुळला म्हणून खूश होऊन बायकोला बिल दाखवलं, "बघ, पक्कं बिल आहे."

चोवीस वर्षं हिशेब लिहितोय. जीएसटी आला तेव्हा, २०१७ साली, आमच्या पेठेतली निम्मी दुकानं मला विचारायला यायची.

याच्यावर कडी पुढे आहे. मंगळवारी फोन: माल ट्रान्सपोर्टला पोहोचला, ई-वे बिल आणि ट्रान्झिट इन्शुरन्सचे ३,४२० भरा, डिलिव्हरीनंतर परत मिळतील. भरले. ई-वे बिल, म्हणजे माल गाडीने पाठवताना सोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, मी दिवसाला दोन-तीन काढतो. त्याला एक रुपयाही फी नसते, पोर्टलवर माहिती भरली की नंबर पडतो. शिवाय राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ते साधारण पन्नास हजारांच्या वर लागतं, माझं बिल तर १८,९९९ चं. ज्या खुर्चीवर बसून मी ई-वे बिलं काढतो, त्याच खुर्चीवर बसून, ते पान समोर उघडं असताना, मी ई-वे बिलाचे पैसे भरले. त्या दिवशी सिमेंटच्या तीन गाड्या एकदम लागल्या होत्या, फोनवर फोन येत होते. हे कारण नाही, मला कळतं. पण होतं असं.

अकराव्या दिवशी पार्सल आलं. कुरिअरचा मुलगा एका हातात घेऊन आला तेव्हाच पोटात गोळा आला. आत दोन रबरी नळ्या, दाराच्या फटीत अडकवायचा पट्टा आणि घोट्याचा पट्टा. बाजारात तीनशे-चारशेला मिळेल असला ऐवज. मुलगा नववीत आहे. त्याने मोबाइलवर ती जाहिरात उघडून विचारलं, "बाबा, यात वेट स्टॅक, म्हणजे नुसत्या वजनाच्या पाट्या, ७२ किलो लिहिलाय आणि पूर्ण मशीनचं वजन ३८ किलो. कसं काय?" मी काही बोललो नाही.

नंतर फिजिओ मॅडमना तोच फोटो दाखवला. त्यांनी एका नजरेत सांगितलं की चित्र जोडलेलं आहे. लेग एक्स्टेन्शनच्या मशिनचा फिरणारा सांधा गुडघ्याच्या रेषेत यावा लागतो, या फोटोत तो वीतभर पुढे होता. असलं मशीन खरंच कोणी बनवलं तर आहे तो गुडघाही जाईल, म्हणाल्या. म्हणून सांगतो, पायाचं मशीन बसून बघितल्याशिवाय घेऊ नका. दुकानात जा, बसा, पाय उचला, सांधा कुठे येतो ते बघा. नाही जमलं तर वाळूची पिशवी आहेच.

बावीस हजारांवर गोष्ट संपली असती. पण राग आला ना. व्हॉट्सअ‍ॅपवर शिव्या घातल्या तर तिकडून गोड आवाजात फोन, "सर, डिस्पॅचमें गलती हुई, पूरा रिफंड देंगे, २२,४१९." बरोबर आकडा, १,९९९ अधिक १७,००० अधिक ३,४२०. तो आकडा माझ्याकडच्या हिशेबाशी जुळला आणि मी पुन्हा फसलो. मला जुळलेल्या आकड्याची भूल पडते, दुसरं काय. त्यांनी क्यूआर कोड पाठवला, स्कॅन केला, पिन टाकला. २२,४१९ आले नाहीत, गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायलाच. हे वाक्य आमच्या बँकेच्या भिंतीवर चिकटवलेलं आहे. मीही कितीदा वाचलंय.

तो दिवस शनिवार, रात्रीचे पावणेनऊ. त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला हवा होता. तक्रार लगेच गेली तर पैसे ज्या खात्यात पडले तिथेच ते रोखून धरता येतात, आणि ठग ते तासाभरात चार खात्यांत फिरवतात. मी रविवार लाजेत घालवला. वाटलं, परत फोन येईल, काहीतरी तांत्रिक घोळ असेल. फोन बंद. तुमच्या बाबतीत असं झालं तर आधी १९३०, बायकोला नंतर सांगा. स्क्रीनशॉट, बिल, चॅट काही पुसू नका. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, कागदावर उतरवून ठेवा, तोच प्रत्येक ठिकाणी मागतात.

सोमवारी बँकेत गेलो. नाव घेत नाही, खातं अजून तिथेच आहे. काउंटरवरच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "पिन कोणी टाकला?" मी म्हटलं, मीच. "मग?" एवढंच. मग काय मग? रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक मी घरून वाचून गेलो होतो. ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान त्याचं, मान्य. पण तक्रार केल्यानंतर काही गेलं तर ते बँकेचं, म्हणून तक्रारीची वेळ टाकून पोच द्या एवढंच मागत होतो. ती पोच मिळायला दोन तास लागले. आधी म्हणाले ॲपवर करा, मग टोल-फ्रीवर करा, मग मॅनेजर जेवायला गेलेत. शेवटी मी तिथल्या बाकावरच बसून राहिलो तेव्हा शिक्का मारला. पोच घेतल्याशिवाय उठू नका. कोणी कितीही गोड बोललं तरी.

पोलीस ठाण्यात तर करमणूकच झाली, त्यांची. हवालदारांनी अर्ज वाचला, रबरी नळ्यांपर्यंत आले आणि शेजारच्याला हाक मारून दाखवला. "पाय बळकट करायला मशीन कशाला? बैठका मारायच्या की राव." गुडघ्याची झीज असणाऱ्याने बैठका मारायच्या नसतात, हे मी त्यांना समजावत होतो, तिथे उभा राहून, खुर्ची न मिळता. मग मुद्दा आला: पार्सल पोहोचलंय, कुरिअरकडे तुमची सही आहे, म्हणजे ही फसवणूक नाही, मालाबद्दलची तक्रार आहे, ग्राहक आयोगात जा. त्या भिकार नळ्या पाठवण्याचं कारण तेव्हा मला कळलं. डिलिव्हरीचा कागद तयार व्हावा म्हणून ती चारशे रुपयांची गुंतवणूक होती! पार्सल कॅमेऱ्यासमोर उघडा, वजन संशयास्पद वाटलं तर सहीच करू नका.

मी म्हटलं, नव्या न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड आहे, हद्दीचा प्रश्न असेल तर कुठल्याही ठाण्यात शून्य नंबरने गुन्हा दाखल करता येतो. साहेब म्हणाले, "वकील आहात का?" नाही म्हटलं. "मग बसा." दीड तास बसवलं. मग सांगितलं, हे सायबरकडे, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो, ६० किलोमीटर, एसटीने. तिथे सांगितलं, रक्कम लहान आहे, आधी तुमच्या ठाण्याचं पत्र आणा. माझा दोन महिन्यांचा पगारही एवढा नाही, आणि यांच्याकडे ती लहान रक्कम! ठाण्यात पत्र मागितलं तर ते म्हणाले, सायबरने लेखी मागायला हवं. असा मी चार वेळा गेलो-आलो. चार खाड्यांचा पगार दुकानातून कापला गेला तो ४४,८३८ मध्ये धरलेलाच नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनलाही लावून बघितलं. ते नीट बोलले, पण विक्रेत्याचं नाव-पत्ता मागितला, आणि माझ्याकडे होता तो जालंधरचा पत्ता अर्थातच खोटा. ऑनलाइन विकणाऱ्याने कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्यायलाच हवं, असा २०२० चा नियम आहे. या साइटवर फक्त व्हॉट्सअ‍ॅप नंबर होता. जिथे फक्त व्हॉट्सअ‍ॅप नंबर आहे तिथून स्क्रूही घेऊ नका. आणि जीएसटी क्रमांक दिलेला असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो, तीस सेकंद लागतात. मी आता तपासला. दिल्लीतल्या कुठल्याशा कपड्याच्या दुकानाचा आहे, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल.

आजची स्थिती अशी: ज्या खात्यात पैसे गेले त्यातले २,३१० रुपये रोखून ठेवलेत असा मेसेज आला. ते हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं गेलं. वकिलाने फी सांगितली ३,०००.

शेठना शेवटी कळलंच. काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी एक ई-वे बिल काढायला सांगताना विचारलं, "याचे किती भरायचे?"

सोमवारी जबाबासाठी सायबरच्या ऑफिसात पुन्हा बोलावलंय. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट बंद. चोपन्न पायऱ्या, गेल्या खेपेला मोजल्या आहेत.