आल्प्समध्ये गाईडसोबत स्नोशू हाईक: शामोनी, स्वित्झर्लंड की आल्पे दि सियुसी?

हिवाळ्यात युरोपला जायचं ठरलंय. स्कीइंग येत नाही, चार दिवसांत ते शिकायची हौसही नाही. पण केबल कारने वर जायचं, फोटो काढायचे आणि खाली यायचं, एवढ्यावर समाधान होणार नाही. अशांसाठी स्नोशू हाईक हा उत्तम मार्ग. ट्रेकिंग बुटाखाली प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची रुंद चौकट बांधायची. अंगाचं वजन त्यावर पसरतं, त्यामुळे जिथे मांडीपर्यंत रुतलो असतो तिथे वीतभरच रुततो. चौकटीखाली धातूचे दाते असतात, ते कडक बर्फावर पकड घेतात. टाचेखालची एक कडी उचलता येते, म्हणजे उभ्या चढावर पोटऱ्या भरून येत नाहीत. पाय जरा फाकवून टाकायचे आणि मागे सरकायचं नाही, कारण मागची शेपटी बर्फात रुतून माणूस बसकण मारतो. एवढं कळलं की अर्ध्या तासात चाल जमते.

डिसेंबरात उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक केलेल्यांना वाटेल, बर्फात चाललोय की आम्ही. पण तिथली वाट आधीच्या शेकडो पायांनी तुडवून घट्ट झालेली असते आणि बुटांवर चढवलेले मायक्रोस्पाइक्स पुरतात. स्नोशूची खरी मजा न तुडवलेल्या, भुसभुशीत बर्फात आहे. उलट आल्प्समध्ये हिमालयासारखी उंचीची काळजी फारशी नाही. शामोनी गाव १,०३५ मीटरवर आहे आणि ग्रिंडेलवाल्ड जवळपास तेवढ्याच उंचीवर, म्हणजे दोन्ही आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) खाली. बहुतेक स्नोशू वाटा १,२०० ते २,३०० मीटरच्या पट्ट्यात असतात. विरळ हवेने डोकं दुखेल ही भीती इथे नाही. थंडी मात्र खरी.

आधी गाईडचं बोलू

लोक विचारतात, कुठला देश चांगला? माझ्या मते आधी विचारायला हवं की तुमच्या वाटेच्या वर काय आहे. सह्याद्रीत धोका पायाखाली असतो: घसारा, निसरडा रॉकपॅच, दरीच्या कडेची आडवी वाट. बर्फातल्या डोंगरात धोका बहुतेक वेळा डोक्यावर असतो. तुम्ही सपाट, सुंदर दरीतून चालत असता आणि वरचा उतार सुटतो.

हिमस्खलन साधारण ३० अंशांहून तीव्र उतारांवर होतं. अशा उताराच्या बर्फात वरच्या थरांखाली कुठेतरी एक कमकुवत थर असतो. वरून दिसत नाही, पण माणसाच्या वजनाने तो मोडतो आणि मोडण्याची लाट बर्फातून दूरवर पळते. त्यामुळे सपाटीवर चालणाऱ्या माणसानेही बाजूचा उतार सुटू शकतो. कधीकधी पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज येतो आणि आजूबाजूचा बर्फ किंचित खचतो. जाणकार गाईड तो आवाज ऐकला की क्षणभरही थांबत नाही, वाट बदलतो. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचायची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्याने घसरते. हेलिकॉप्टर एवढ्या वेळात सहसा पोचत नाही. सोबतच्यांनीच खणायचं असतं, म्हणून ट्रान्सीव्हर (गाडलेल्याची जागा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि फावडं हे त्रिकूट.

याचा दुसरा अर्थ असा की सगळीकडे गाईड लागत नाही. रुंद पठारावर, खुणा केलेल्या वाटेवर, वर एकही तीव्र उतार नसताना गाईड घेतला तर तुम्ही गप्पांचे आणि निसर्गाच्या माहितीचे पैसे देता. तेही वाईट नाही, पण ती सुरक्षेची किंमत नाही हे माहीत असावं. खालच्या तीन ठिकाणांत मला दिसतो तो मुख्य फरक हाच.

शामोनी (फ्रान्स)

इथे गाईड हवाच. माँ ब्लांच्या पायथ्याची ही दरी अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंना भिंती सरळ उठलेल्या. ९ फेब्रुवारी १९९९ ला दरीच्या वरच्या टोकाला माँत्रॉक इथे हिमस्खलनाने लाकडी घरं उद्ध्वस्त केली आणि १२ माणसं गेली. ती माणसं ट्रेकला गेलेली नव्हती, घरात होती. दरी किती गंभीर आहे हे यावरून कळावं.

आणि तरीही मला तिन्हींत शामोनीच जास्त आवडतं, कारण इथे गाईडच्या पैशाचं चीज होतं. गाईडांची परंपराच इथली. कंपनी दे गीद ही संघटना १८२१ पासून आहे. स्नोशूसाठी बहुधा ‘आकोंपान्यातर आँ मोयेन मोंतान्य’ (मध्यम उंचीच्या डोंगरांचा वाटाड्या, म्हणजेच माउंटन लीडर) पदवीचा माणूस मिळतो. हिमनदी आणि दोराचं काम त्याच्या परवान्यात बसत नाही, त्यासाठी उच्च पर्वतीय गाईड वेगळा. पण मध्यम उंचीच्या बर्फातलं रान त्याला पाठ असतं. सशाचा माग कुठला आणि कोल्ह्याचा कुठला, शॅमॉय नावाची डोंगरी हरणासारखी जनावरं कुठल्या उन्हाच्या पट्ट्यात उभी राहतात, हे तो चालता चालता दाखवतो. काळा ग्राऊस पक्षी हिवाळ्यात बर्फात भुयार करून बसतो. त्याला दचकवून उडवलं तर कडाक्याच्या थंडीत तो मोलाची ऊर्जा गमावतो, म्हणून गाईड काही झाडीत पाऊलच टाकू देत नाही. कुरकुर करू नका.

दरीच्या वरच्या टोकाला, व्हालॉर्सीन आणि कोल दे माँते (१,४६१ मीटर) या बाजूला, गावातल्यापेक्षा चांगला बर्फ मिळतो. वायव्येकडून येणारी अटलांटिकची ओलसर हवा इथे अडते, त्यामुळे बर्फ भरपूर पडतो. पण हल्ली १,००० मीटरवर जानेवारीतही पाऊस होतो. ‘जागा आदल्या संध्याकाळी बर्फ बघून सांगू’ असं आयोजक म्हणाला तर शंका घेऊ नका, ती चांगली खूण आहे. जिनिव्हा विमानतळावरून रस्त्याने साधारण सव्वा तास. फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत फ्रेंच शाळांच्या सुट्ट्या असतात, तेव्हा खोल्या महाग आणि बस खचाखच.

स्वित्झर्लंड: ग्रिंडेलवाल्ड किंवा रीगी

आपले बहुतेक पर्यटक इथे येतातच. इंटरलाकेन, युंगफ्राऊयोख, टिटलिस अशी ठरलेली यादी हातात असेल तर स्नोशूसाठी देश बदलू नका. इंटरलाकेन ऑस्टहून ग्रिंडेलवाल्डची गाडी सुमारे ३५ मिनिटांत पोचते. तिथून केबल कारने फर्स्टला (२,१६६ मीटर) गेलात की समोर आयगरची उत्तर भिंत.

स्विस लोकांची खरी देणगी म्हणजे व्यवस्था. स्नोशूच्या आणि हिवाळी पायवाटांच्या पाट्या गुलाबी रंगाच्या, वाटेवर खांब रोवलेले. स्विस आल्पाइन क्लबची स्नोशू श्रेणी डब्ल्यूटी १ ते डब्ल्यूटी ६ अशी आहे. पहिल्या श्रेणीत उतार २५ अंशांच्या आत आणि जवळपास तीव्र उतार नाहीत, तिसरीत ३० अंशांपर्यंत. टूर विकणाऱ्याला ‘हा रूट कुठला डब्ल्यूटी?’ एवढं विचारा. उत्तर अडखळलं तर दुसरीकडे जा. दाव्होसची हिमसंशोधन संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचा अंदाज देते, पाच पातळ्यांच्या युरोपीय मापावर. तिसऱ्या पातळीला तिथे ‘लक्षणीय’ म्हणतात. मधला आकडा पाहून ‘ठीकच आहे’ समजणं हा आपला नेहमीचा घोटाळा. जाणकार तीनला बिचकतात.

एक गल्लत मात्र टाळा. फर्स्टहून बाखआल्पसे तलावाकडे जाणारी हिवाळी वाट यंत्राने दाबलेली असते. तिथे चांगले बूट पुरेसे आहेत, स्नोशू उगाच ओझं. ‘स्नोशू टूर’ म्हणून अशा वाटेवरून फिरवणार असतील तर पैसे वाया.

खर्च सांभाळायचा असेल तर ल्युसर्नजवळचा रीगी डोंगर. व्हिट्स्नाऊहून वर जाणारी दातेरी रुळांची रेल्वे १८७१ ची, युरोपातली पहिली डोंगरी दातेरी रेल्वे. स्विस ट्रॅव्हल पासवर ती फुकट. शिखर १,७९७ मीटर, वाटा खुणावलेल्या, खाली सरोवरावर धुक्याची चादर आणि वर ऊन असे दिवस हिवाळ्यात बरेच असतात. इथल्या सोप्या वाटांवर दोघं-तिघं मिळून, अंदाज बघून, गाईडशिवायही जाता येतं. फक्त बर्फाची खात्री उंच ठिकाणांएवढी नाही.

आल्पे दि सियुसी (इटली, दक्षिण टायरोल)

आई-वडील सोबत असतील, दहा वर्षांचा मुलगा असेल, किंवा गुडघे कुरकुरत असतील तर मी डोळे मिटून इथे पाठवीन. युरोपातलं सर्वांत मोठं उंचावरचं कुरणपठार, सुमारे ५६ चौरस किलोमीटर, १,६८० ते २,३५० मीटर उंचीवर. कासच्या पठारावर उभं राहून चारही बाजूंना तीन हजार मीटरचे सुळके उगवलेत अशी कल्पना करा. सासोलुंगोचे सुळके एका अंगाला, शिलियारचा सपाट माथा दुसऱ्या अंगाला. सूर्य कलला की डोलोमाईटचा फिका खडक गुलाबी-नारिंगी होतो. डोलोमाईट पर्वत २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत, आणि हिवाळ्यात इथे ऊनही शामोनीपेक्षा जास्त लाभतं.

बर्फ मात्र फ्रेंच बाजूपेक्षा कमी पडतो. पठार उंच असल्याने पडलेला टिकतो, पण कोरड्या वर्षी स्नोशूला हवा तसा खोल बर्फ मिळत नाही आणि हाईक हिवाळी फिरणं होऊन बसते. पठाराच्या मध्यावर गाईडची गरजही सगळ्यात कमी. तिथे तो घ्यायचा तो पठाराच्या कडेच्या रानात जायला, किंवा पहिल्यांदाच जाताय आणि धीर हवा आहे म्हणून. कडेच्या डोंगरात शिरायचं असेल तर लक्षात ठेवा, १ जानेवारी २०२२ पासून इटलीत हिमस्खलनाचा धोका असलेल्या भागात स्नोशूवाल्यांनीही ट्रान्सीव्हर, प्रोब, फावडं बाळगणं कायद्याने सक्तीचं आहे. गाईड हे सामान देतो का, विचारून घ्या.

म्युनिकच्या मराठी मंडळींना हे तिन्हींत सोयीचं. बोल्झानोला थेट रेल्वेने साधारण चार तास, पुढे बस आणि केबल कार. स्वतःची गाडी असली तरी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ पठाराचा रस्ता खासगी वाहनांना बंद असतो.

अर्धा दिवस, पूर्ण दिवस की रात्रीची?

पहिल्यांदा जाणाऱ्याने अर्धा दिवस घ्यावा. तीन तासांची स्नोशू चाल राजगडच्या पाच तासांएवढी पाय दुखवते, मांडीच्या आतल्या स्नायूंना ती सवय नसते. नियमित ट्रेक करणाऱ्यांनी मात्र अर्ध्या दिवसात पैसे घालवू नयेत. बस, सामान वाटप, बांधाबांध यातच तास जातो आणि जरा लय लागते तोवर परतायची वेळ. त्यांनी पूर्ण दिवस घ्यावा.

हेडलॅम्प लावून रात्री चालायचं आणि डोंगरातल्या झोपडीत फोंड्यू (पाव बुडवून खायचं वितळलेलं चीज) खायचं, ही तिसरी तऱ्हा खूप खपते. चाल सोपी, वातावरण छान, पण पौर्णिमा नसेल तर डोंगर दिसत नाही. एकच दिवस हाताशी असेल तर ही निवडू नका.

जेवणाचं आलंच आहे तर सांगतो: फोंड्यूत पांढरी वाइन असते, आणि पारंपरिक ग्रुयेर चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. काटेकोर शाकाहारी आणि जैन वाचकांनी आधीच विचारावं. टायरोलच्या बाजूला मशरूमचा पोलेंटा (मक्याच्या पिठाचा सांजा) किंवा पालकाचे कानेदेर्ली (पावाचे उकडलेले गोळे) मिळतात. कानेदेर्लीत अंडं असतं. डब्यात थेपले-चटणी नेलीत तर गाईडही हात पुढे करील.

पैसे आणि कागदपत्रं

फ्रान्समध्ये गटातल्या अर्ध्या दिवसाचे माणशी साधारण ३० ते ५० युरो धरा. इटली त्याच्या आसपास, स्वित्झर्लंड दीडपट ते दुप्पट. पाच-सहा जणांचं कुटुंब असेल तर खासगी गाईड सांगून बघा. माणशी फरक फार राहत नाही आणि आजीच्या वेगाने चालता येतं.

शेंगेन व्हिसासाठी काढलेला विमा बघून घ्या. कित्येक पॉलिसींत हिवाळी खेळ वगळलेले असतात. फ्रान्समध्ये स्की क्षेत्राबाहेरची पर्वतीय सुटका सहसा मोफत असते. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरचं बिल हजारो फ्रँकचं येतं, तुमच्या नावाने.

कपड्यांत एकच पथ्य: अंगाला सुती काही नको. चढावर घाम येतो, थांबलं की तोच घाम गोठतो. वॉटरप्रूफ बूट, गेटर (बुटात बर्फ शिरू न देणारं पोटरीवरचं आवरण), गॉगल, सनस्क्रीन. स्नोशू आणि काठ्या भाड्याने मिळतात, बहुतेक गाईडच्या शुल्कातच.

बुकिंगची वेळ म्हणाल तर जानेवारीचा शेवटचा आठवडा किंवा मार्चचा पहिला पंधरवडा (शामोनीत फ्रेंच सुट्ट्या संपल्यावर). नाताळात बर्फ अजून पुरता बसलेला नसतो आणि पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. फोन केलात की तीन गोष्टी विचारा: गाईडकडे माउंटन लीडर किंवा पर्वतीय गाईडचा परवाना आहे का, गटात किती जण, आणि धोक्याची पातळी तीनच्या वर गेली तर सहल बदलता की रद्द करून पैसे परत करता.