जुनी डीआय पिकअप: कापसाचा हंगाम आणि एक उन्हाळा चालवल्यानंतर

मेकॅनिकल फ्युएल पंपाची, अडीच लिटर डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) टर्बो डिझेलची, आधीच भरपूर चाललेली पिकअप. काम ठरलेलं: वावरातून जिनिंगपर्यंत कापूस, मग वरूडहून नागपूरच्या कळमना बाजारात मृग बहाराचा (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा) संत्रा, मे महिन्यात खत-बियाणं. भरल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज ११-१२. आवाज फार, रिकामी असली की पांदणीत उड्या मारते, केबिन तापते. ते सगळं घेतानाच माहीत असतं. इंजिनाबद्दल मात्र ठाम मत झालं आहे. ‘इंजिन बसलं, हाफ करा’ (म्हणजे इंजिन उघडून रिंगा, बेअरिंग वगैरे बदला) असा निकाल ज्या लक्षणांवर मिळतो, त्यातली बरीच लक्षणं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, न उघडता जातात. आधी डिझेल, मग हवा, मग पाणी बघायचं. हेडला हात सगळ्यात शेवटी.

सकाळी खूप वेळ सेल्फ मारल्यावर गाडी उठते, थरथरते आणि मिनिटभरात सुरळीत होते? मग लाइन हवा धरते आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) पाइप ओढीवर असतो, म्हणून तिथे डिझेल गळताना दिसत नाही, पण हवा आत शिरते. रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतं. संशयित नेहमीचेच: उन्हानं कडक झालेला रबरी पाइप, बँजो बोल्टचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) जुने तांब्याचे वायसर, फिल्टर बदलताना चिमटलेलं रबर. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी टाकून गाडी चालू ठेवा. बुडबुडे दिसले की मागे मागे जात जोड तपासा. वायसर उलटा करून परत लावायची सवय सोडा, नवा काही रुपयांत मिळतो.

नळीपेक्षाही खात्रीची चाचणी कॅनची. ५ लिटर स्वच्छ डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंच बांधायचा, त्याची नळी थेट मुख्य फ्युएल पंपाला द्यायची, रिटर्नही (परत येणाऱ्या जादा डिझेलचा पाइप) कॅनमध्येच सोडायचा आणि भरलेली गाडी चढावर न्यायची. तळेगावचा सत्याग्रही घाट त्यासाठी बरा. कॅनवर गाडी दम धरत असेल तर पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) निर्दोष, दोष टाकी, जाळी, फीड पंप किंवा फिल्टरमध्ये. गाडी बरीच चालून मग मरत असेल आणि टाकीचं झाकण उघडताच ‘फुस्स’ होऊन हवा आत ओढली जात असेल, तर झाकणाचं श्वासाचं छिद्र धुळीनं बुजलं आहे. या एका छिद्रापायी लोकांनी पंप उतरवले आहेत.

एअर काढताना फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत डिझेल लाइनचा छोटा हातपंप मारा. मग नोझलकडचे पाइपनट (बहुतेक गाड्यांना १७ चा पाना) थोडे सैल करून सेल्फ मारा, डिझेल आलं की आवळा. सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त नको. पावसाळ्यात फिल्टरखालचं पाणी दर आठवड्याला सोडा. गावात ड्रममधलं डिझेल भरत असाल तर तळाचा भाग गाडीत ओतूच नका, पाणी आणि गाळ तिथेच बसतो.

मिसिंग असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेट घेत नसेल, तर गाडी आयडलवर ठेवून एकेका नोझलचा पाइपनट सैल करायचा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतो, काहीच फरक पडला नाही तर आजारी तोच. डोळ्यांवर चष्मा लावा, नटावर चिंधी गुंडाळा, बोटं लांब ठेवा. दाबाखालचं डिझेल कातडीत घुसतं आणि ती जखम वरून किरकोळ दिसली तरी ताबडतोब दवाखान्यात जाण्याची असते. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या नव्या कॉमन रेल गाडीवर हा प्रयोग कधीही करू नका, तिथला दाब हजार बारच्या वर जातो.

आजारी सिलिंडरचं नोझल शेजारच्याशी बदलून बघा. दोष नोझलसोबत सरकला तर चारही नोझल टेस्टिंगला द्या. उघडण्याचा दाब इंजिनाप्रमाणे वेगळा असतो, पण चौघांत ५-१० बारपेक्षा जास्त तफावत नको आणि टोकाला थेंब धरायला नको. थेंब टाकणारं नोझल पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर देतं आणि पिस्टनचा माथा जाळतं. बसवताना खालचा तांब्याचा वायसर नवाच लावा, जुना बुडाशी चिकटून राहिला असेल तर तो आधी काढा.

आता विदर्भातला खास आजार: सकाळी एका सेल्फमध्ये उठणारी गाडी दुपारी ४५ अंशांत जिनिंगच्या रांगेत बंद केली की परत उठत नाही. रोटरी पंप झिजला की तापून पातळ झालेलं डिझेल आतल्या आत निसटतं आणि सेल्फच्या वेगावर दाब तयार होत नाही. पंपावर ओलं फडकं १० मिनिटं ठेवा. गाडी उठली तर पंप कॅलिब्रेशनला (तपासून जुळवून घ्यायला) न्या. गरम पंपावर बादलीनं पाणी ओतू नका, आतले भाग जाम होऊ शकतात. रॉकेलची भेसळ या पंपाची वैरीण, कारण त्याला वंगण डिझेलचंच मिळतं.

तापण्याचं कारण बहुतेक वेळा रेडिएटरच्या तोंडावर असतं. कापसाचे तंतू आणि सोयाबीनचा भुसा जाळीत बसून धुळीसोबत नमदा होतो. इंजिनाकडून बाहेरच्या दिशेनं, कमी दाबाच्या पाण्यानं धुवा. पुढून फवारा मारला तर तो थर आणखी आत जातो. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं (जमिनीखालचं पाणी खारं असलेला भाग) बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये अजिबात नको, क्षार बसतात आणि गंज खातो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकणं हा आपल्याकडचा लाडका इलाज, आणि चुकीचा. काही इंजिनांत त्यामुळे बायपास उघडाच राहतो आणि पाणी रेडिएटरला वळसा घालतं. थंड इंजिन चालू करताच रेडिएटरच्या तोंडाशी सलग बुडबुडे आले किंवा वरचा होस लगेच टणक झाला, तरच हेड गास्केटवर संशय घ्या.

काळा धूर आणि ओढ कमी: एअर फिल्टर, मग टर्बोच्या पुढचा होस साबणाच्या पाण्यानं तपासा. टर्बोच्या दांड्याला किंचित बाजूचा हलका खेळ चालतो, पुढे-मागे जाणवेल असा नको. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढत असेल आणि वास डिझेलचा असेल तर गाडी उभी करा. पातळ ऑइलनं बेअरिंग जातात, तेव्हा मात्र खरोखर हाफ करावं लागतं.

एवढं होऊनही मिसिंग राहिलं तर आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर लावून घ्या, मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, मोजा. साधारण २५ बारच्या आसपास आणि चौघं जवळजवळ सारखे असतील तर इंजिन धडधाकट आहे. एकच सिलिंडर खाली असेल तर व्हॉल्व्ह, गास्केट किंवा त्याच सिलिंडरच्या रिंगा. चारही खाली आणि ऑइलच्या झाकणातून धुराचे जोरदार भपके असतील तर रिंग-लायनर.

अशी गाडी घ्यायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. बोनेटला हात लावून बघा. थंड स्टार्ट घ्या, भरून चढावर न्या, परत आल्यावर बंद करून २० मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारा. भाव त्यानंतर बोला.